मुरमाड रस्त्यांसाठी मोटारसायकलचे टायर : निवड आणि निगा

बैलजोडी विकत घेताना जाणता शेतकरी आधी खूर पाहतो. खडकाळ रानात चालायचे तर खूर घट्ट, काळा आणि आटोपशीर हवा, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. माणदेशच्या खिलार बैलाचे नाव झाले त्यात त्याच्या कणखर खुरांचाही वाटा आहे. आज दूध, वैरण, खताचे पोते आणि फवारणीचा पंप वाहून नेण्याचे बरेचसे काम मोटारसायकलवर आले आहे. मात्र तिचे 'खूर', म्हणजे टायर, घेताना आपण फक्त किंमत विचारतो, नाहीतर नक्षी किती जाड दिसते एवढेच पाहतो. पुढे तोच टायर वर्षाच्या आत गोटा होतो किंवा भर उतारावर दगा देतो. हे टाळण्यासाठी काय पाहावे याची माहिती या लेखात दिली आहे.

रस्ता टायरला कसा खातो?

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी, पाटोदा अशा कोरडवाहू तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांचे अनेक रस्ते मुरमाचे आहेत. काळा पाषाण झिजून मुरूम तयार होतो. पावसाळा संपला की त्याचा थर वाळतो आणि उन्हाळ्यापर्यंत विटेसारखा कडक होतो. त्यावर बारीक खडी मोकळी पडलेली असते, तर मध्येच पाषाणाची धारदार टोके वर आलेली असतात. अशा रस्त्यावर टायरचे तीन प्रकारे नुकसान होते. मुरमावर टायर घासतो, दगडाच्या धारेने कापला जातो आणि खड्ड्यात किंवा टोकावर आपटतो. घासण्यावर उपाय नक्षीचा, कापण्यावर टायरच्या अंगाच्या मजबुतीचा आणि आपटण्यावर योग्य हवेचा आहे. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्यास दुकानात फसगत होत नाही.

नक्षी : जाड दिसते म्हणून भुलू नका

उंच आणि दूर-दूर ठोकळे असलेले बटण टायर पाहिले की हाच टायर कच्च्या रस्त्याला टिकेल असे वाटते. प्रत्यक्षात ही नक्षी चिखलासाठी व भुसभुशीत जमिनीसाठी असते. तेथे ठोकळा जमिनीत रुततो, पकड घेतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून चिखल बाहेर पडतो. कडक मुरमात ठोकळा रुतत नाही. गाडीचे सगळे वजन थोड्याशा ठोकळ्यांच्या टोकावर येते, प्रत्येक फेऱ्यात ते वाकतात, त्यांच्या कडा झिजतात आणि काही वेळा ठोकळ्याचा तुकडाच उडतो. डांबरी रस्त्यावर असा टायर आणखी लवकर संपतो व ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

म्हणून कडक, कोरड्या रस्त्यासाठी कमी उंचीचे, रुंद आणि एकमेकांजवळ असलेले ठोकळे निवडावेत. मधल्या पट्ट्यात रबर जवळजवळ सलग असावे आणि दोन्ही कडांना थोडे मोकळे ठोकळे असावेत. मधला पट्टा डांबरावर व घट्ट मुरमावर झीज सोसतो, कडेचे ठोकळे मोकळ्या खडीत वळताना पकड देतात. पक्का आणि कच्चा अशा दोन्ही रस्त्यांसाठीचा टायर मागितल्यास दुकानदार या प्रकारची नक्षी दाखवतो.

रबर मऊ असेल तर गुळगुळीत खडकावर पकड चांगली मिळते पण झीज लवकर होते. फार कडक रबर जास्त दिवस टिकते, पण घसरते. शर्यतीच्या गाड्यांना मऊ रबर परवडते. आपल्याला रोजच्या कामासाठी मध्यम रबराचाच टायर योग्य ठरतो.

तेच माप, पण अंक मोठा

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत जे छापलेले असते त्यात टायरची सगळी कुंडली असते. उदाहरणार्थ, '२.७५-१८ ४८ पी' असे लिहिले असेल तर टायरची रुंदी २.७५ इंच आणि रिंग १८ इंचांची. '८०/१००-१८' असे असेल तर रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिंग १८ इंच. शेवटचे अक्षर वेगमर्यादा सांगते. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आपल्या कामात त्याला फारसे महत्त्व नाही.

महत्त्वाचा आहे त्या अक्षराच्या आधीचा भार अंक. योग्य हवा भरलेली असताना तो एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो, हे या अंकावरून कळते :

४२ - १५० किलो
४७ - १७५ किलो
४८ - १८० किलो
५२ - २०० किलो
५४ - २१२ किलो

एकाच मापाचा टायर कमी आणि जास्त अशा दोन मजबुतींत मिळतो. २.७५-१८ या मापात ४२ अंकाचा टायर येतो आणि ४८ अंकाचाही. ८०/१००-१८ मध्ये ४७ चा येतो आणि ५४ चाही. नक्षी सारखी दिसली तरी आतील अंग वेगळे असते. काही टायरवर '४ पीआर' किंवा '६ पीआर' असेही छापलेले असते. हा आकडा थरांची मोजणी नसून मजबुतीचा दर्जा आहे. ६ पीआरचा टायर ४ पीआरपेक्षा जास्त भार व मार सोसतो. दुकानात केवळ माप सांगितले तर स्वस्त आणि हलका टायर हाती येण्याची शक्यता असते. म्हणून मागच्या चाकासाठी माप तेच ठेवून मोठ्या अंकाचा टायर मागावा.

आपल्या गाडीचा हिशेब

हा अंक किती कामाचा आहे हे एका हिशेबावरून समजेल. समजा, गाडीचे वजन ११२ किलो आहे. त्यातील सुमारे ६२ किलो मागच्या चाकावर येते. चालवणाऱ्याचे वजन ६५ किलो असेल तर त्यातील सुमारे ४३ किलो मागे येते. मागे दोन्ही बाजूंना २० लिटरच्या दुधाच्या किटल्या अडकवल्या तर ४० लिटर दुधाचे ४१ किलो व रिकाम्या किटल्यांचे सुमारे १० किलो, असे ५१ किलो जवळजवळ सगळेच मागच्या चाकावर पडते. एकूण झाले १५६ किलो. म्हणजे ४२ अंकाचा टायर येथेच कमी पडला, ४८ अंकाचा पुरतो.

आता २० ऐवजी ४० लिटरच्या दोन किटल्या लावा. दूध ८२ किलो, किटल्या सुमारे १८ किलो, असे १०० किलो झाले. मागच्या चाकावरचा भार २०५ किलोवर जातो. ४८ अंकाचा टायर तर मागे पडतोच, ५२ चाही पुरत नाही. शिवाय हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा क्षणभर याहून कितीतरी जास्त मार बसतो. ५४ अंकाचा टायर घातला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण रिंग, आरे, शॉकअप आणि ब्रेक यांनाही मर्यादा आहे. गाडीच्या पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा दिलेली असते, ती अवश्य पाहावी. दूध जास्त असेल तर दोन खेपा कराव्यात किंवा दुसरे वाहन वापरावे. एक खेप वाचवण्यासाठी उतारावर टायर फुटला तर दूध तर सांडतेच, जिवावरही बेतते.

हवा : खडकावर कमी करू नये

वाळूत हवा थोडी कमी केली की चाक रुतत नाही, हे खरे आहे. खडकाळ रस्त्यावर मात्र तसे करू नये. हवा कमी असेल तर दगडाच्या टोकावर टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब दगड व रिंग यांच्यामध्ये चेमटते. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, जणू साप डसल्यासारख्या, तर दोष खिळ्याचा नसून कमी हवेचा आहे हे ओळखावे. हवा प्रमाणाबाहेर जास्त असेल तर चाक उसळते, पकड सुटते, दगडाची धार ताणलेल्या रबरात सहज घुसते आणि मधला पट्टा आधी झिजतो.

बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना पुढे २५ पौंडांच्या आसपास, मागे एकट्यासाठी २८ ते ३२ आणि ओझे असताना ३६ ते ४१ पौंड हवा सांगितलेली असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा साखळीच्या कव्हरजवळील चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावा. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी चाक थंड असताना तपासावी. उन्हात धावलेल्या टायरमधील हवा तापून आकडा जास्त दाखवते, म्हणून तेव्हा हवा सोडून देऊ नये. दाब मोजण्याचे छोटे यंत्र स्वतःजवळ ठेवणे फायद्याचे आहे. अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज येत नाही.

ट्यूब की ट्यूबलेस?

ट्यूबलेस टायरमध्ये काटा किंवा खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता दोरी भरून पंक्चर बंद करता येते. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या भागात ही मोठी सोय आहे. परंतु रिंगेची कड दगडाला आपटून वाकली तर तेथून हवा गळू लागते. नेहमीच्या आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या भोकांतून हवा निघून जाते, म्हणून अशा चाकात ट्यूब आवश्यकच आहे. केवळ टायर ट्यूबलेस आहे म्हणून ट्यूब काढून टाकू नये.

नवा टायर घातला की ट्यूबही नवी घालावी. जुनी ट्यूब ताणलेली असल्याने नव्या टायरमध्ये तिला चुण्या पडतात व तेथेच ती फाटते. काट्याचे पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जाड फडके सावकाश फिरवावे. रबरात मोडून राहिलेले टोक फडक्याला अडकते. ते काढले नाही तर नवी ट्यूबही दोन दिवसांत पंक्चर होते.

खरेदी करताना व बसवताना

१. टायरवर आयएसआयचे चिन्ह व आयएस १५६२७ हा क्रमांक पाहावा. दुचाकीच्या टायरसाठीचे हे भारतीय मानक आहे.
२. उत्पादनाची चार आकडी खूण पाहावी. '३२२४' म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. टायर शक्यतो वर्षाच्या आतील घ्यावा.
३. गाडीला सांगितलेले मापच घ्यावे. जास्त रुंद टायर साखळीच्या कव्हरला किंवा चिमट्याला घासू शकतो.
४. पुढच्या चाकाला वापरलेला किंवा वरून नवे रबर चढवलेला टायर कधीही घालू नये. मागचा टायर बसला तर गाडी सावरण्याची काही संधी असते, पुढचा अचानक बसला तर हँडल हातात राहत नाही.
५. टायरवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेला असावा. रिंगेचा गंज घासून काढावा, आऱ्यांवरील रबरी पट्टी तपासावी आणि टायर चढवताना साबणाचे पाणी वापरावे. तेल वापरू नये.
६. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले १५० किलोमीटर गाडी सावकाश चालवावी.

झीज काय सांगते?

मधला पट्टा आधी झिजला तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा आधी झिजल्या तर हवा कमी किंवा ओझे जास्त आहे. एकाच जागी सपाट चकती पडली असेल तर मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसटत नेण्याची सवय आहे. मुरमावर अशी एक घसट अनेक किलोमीटरची झीज एकदम करते. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा व दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत.

नक्षीत अडकलेले खडे आठवड्यातून एकदा बोथट पेचकसाने काढावेत. डिझेल, रॉकेल व ऑईल टायरला लागल्यास लगेच साबणाने धुवावे. गाडी सावलीत उभी करावी, कारण कडक उन्हाने रबराला भेगा पडतात. बाजूला फुगा आला, आतले धागे दिसू लागले किंवा खोल चीर पडली तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा. नियमाप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मोकळ्या खडीच्या रस्त्यावर ही वेळ येईपर्यंत थांबू नये.

स्वस्त की परवडणारा?

समजा, एक टायर १,६०० रुपयांना मिळाला आणि १६,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १० पैसे पडले. दुसरा २,००० रुपयांचा टायर २५,००० किलोमीटर चालला, तर ८ पैसेच पडले. महाग वाटलेला टायर प्रत्यक्षात स्वस्त ठरला. म्हणून टायर बसवला त्या दिवसाची तारीख, किंमत आणि गाडीचे किलोमीटर गोठ्याच्या भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवावेत. दोन-तीन टायरच्या नोंदी झाल्या की आपल्या रस्त्याला कोणता टायर परवडतो हे आपल्यालाच सांगता येईल.

या आठवड्यात एवढे करा : सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचे चाक हाताने फिरवा आणि टायरवरचा भार अंक वाचा. मग वर दिल्याप्रमाणे रोजच्या ओझ्याचा हिशेब मांडा. ओझे त्या अंकात बसत नसेल तर आधी ओझे कमी करा आणि पुढच्या खरेदीत मोठ्या अंकाचा टायर मागा.