पानाला गोडी कशी कळते?

दौंड तालुक्यात भीमेच्या काठी आमचं थोडं रान आहे. मी पुण्यात वाढलो, वाणिज्य शाखेत शिकलो, हिशेबाच्या नोकरीत केस पिकवले. पण सुट्टीत पाहिलेलं गुऱ्हाळ काही डोक्यातून गेलं नाही. साधारण तीस वर्षांपूर्वी एका हंगामात आमचा तोडलेला ऊस वाहन न मिळाल्यामुळे पाच दिवस बांधावर पडून राहिला. काट्यावर वजन घटलं, हे उघडच होतं. वडिलांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. “पाणी वाळलं, ते समजलं. गोडी कुठं गेली?” कारण त्याच उसाच्या उरलेल्या मोळ्या गुऱ्हाळात नेल्या, तर गूळ नीट बसेना, चिकट राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जुन्या बाजारातल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांपासून सुरुवात केली. उत्तर लवकर मिळालं. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ऊस तुटला की इन्व्हर्टेज नावाचं विकर ही जोडी फोडू लागतं. सुटी झालेली साखर जिभेला गोडच लागते, पण तिचा दाणा पडत नाही. कारखान्यात ती मळीबरोबर निघून जाते आणि गुळाला मऊ करते. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरत असल्याने एकट्या शेतकऱ्याच्या उसातली ही घट कोणाच्याच नावावर पडत नाही, हा भाग निराळा.

पण या वाचनात दुसरा प्रश्न समोर आला आणि तो अजून सुटलेला नाही. महाराष्ट्रात साखरेचा उतारा साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आतबाहेर फिरतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करतंय, आमच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून. को ७४० गेला, को ८६०३२ आला, मग फुले २६५. एकरी टनेज वाढलं. गोडी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ऊन भरपूर आहे, पाणी आहे. मग पान आणखी साखर का करत नाही?

इथे मला गुऱ्हाळाचाच दाखला द्यावासा वाटतो. चरकात ऊस घालणारा गडी कितीही तगडा असला, तरी काईल भरलेली असेल तर गुळव्या ओरडून चरक थांबवतो. पान हा चरक, कांडी ही काईल. मग झाडात ओरडणारा गुळव्या कोण?

१९९० मध्ये जेन शीन या संशोधिकेने मक्याच्या पानांतल्या सुट्या पेशींवर काम केलं. मका म्हणजे उसाचा चुलतभाऊच. पेशींना साखर दिली, की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रं घडवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं, असं दिसलं. म्हणजे साखर हे झाडाचं नुसतं अन्न नाही, निरोपही आहे. निरोप वाचणाऱ्यांपैकी एक सापडला तो हेक्सोकायनेज. ग्लुकोजला फॉस्फेट जोडून पुढे पाठवणारा हा अगदी जुना, साधा कामगार. २००३ मध्ये शीन यांच्याच बोस्टनमधल्या प्रयोगशाळेने ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात या प्रथिनाची अशी रूपं घातली, की त्यांना फॉस्फेट जोडता येत नव्हतं. तरीही साखरेचा निरोप जनुकांपर्यंत पोचत राहिला! जोडण्याचं काम आणि जाणण्याचं काम वेगळं निघालं. गड्याचे हात बांधले तरी काईल भरल्याचं तो ओरडून सांगतच होता.

उलट बाजूचा पहारेकरी म्हणजे एसएनआरके-१. हा उपासमारीत जागा होतो. अंधार पडला, साखर आटली, की तो वाढीची खर्चिक कामं बंद करतो आणि साठा मोडायला लावतो. त्याच्या इशाऱ्यावर शेकडो जनुकं चालू-बंद होतात. साखर मुबलक असली, की ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा एक पदार्थ त्याला आवरतो. हा पदार्थ पेशीत अगदी चिमूटभर असतो, पण सुक्रोजबरोबर चढतो-उतरतो. साठा किती आहे ते सांगणारी काडीच म्हणा ना. गंमत अशी की यीस्टमध्ये आणि माणसातही या पहारेकऱ्याचे भाऊबंद आहेत. माणसातल्याचं नाव एएमपीके. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी ज्या वाटांनी काम करते, त्यांतली एक त्याच्याकडून जाते. माझ्या सकाळच्या गोळीचा आणि भीमाकाठच्या उसाचा असा संबंध निघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

हे सगळं उसाला लागू पडतं का? दक्षिण आफ्रिकेत ॲलिस्टर मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी शेतातल्या उभ्या उसावर साधा प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उसाचं एक पान उघडं ठेवून बाकी सगळी झाकली. उघड्या पानाचा साखर करण्याचा वेग वाढला. म्हणजे त्या पानाची ताकद आधीही होती, कांडीला गरज नव्हती म्हणून ते हात राखून चाललं होतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वू आणि बर्च यांनी उसात एका जिवाणूचं जनुक घालून आयसोमाल्ट्युलोज हे सुक्रोजचं भावंड तयार करवलं. ते नेहमीच्या सुक्रोजच्या भरीला साठत गेलं आणि काही रोपांत एकूण साखर दुपटीच्या आसपास गेली. बहुधा झाडाच्या पहारेकऱ्यांना ही नवी साखर ओळखू येत नसावी. अर्थात ही काचघरातली रोपं होती, आणि काचघर म्हणजे दौंडचं रान नव्हे.

माझं मत विचाराल, तर अधिक साखर करणारं पान शोधण्यापेक्षा उशिरा ‘बास’ म्हणणारी कांडी शोधण्यात जास्त हशील आहे. पण मी पडलो हिशेबनीस.

गेल्या दिवाळीत धाकट्या काकांना पानं झाकण्याचा प्रयोग सांगितला. ते ऐकत होते, मग म्हणाले, “म्हणजे गुरांना हिरवा पाला काढला, तर उरलेली पानं जास्त राबतील की!”

मी म्हटलं, “राबतात काका. पण त्या प्रयोगात कोवळ्या कांड्यांतली साखर कमीच झाली. एक पान किती जणांना पुरणार?”

काका थोडा वेळ गप्प बसले. “मग मक्याचा एक वाफा करायला पाहिजे गुरांसाठी,” म्हणाले, आणि बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघून गेले. लाइट रात्रीची होती.