ब्रेक डिस्क पुन्हा पुन्हा का बिघडते?

वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरते. डिस्क बदलली की थांबते, काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा सुरू होते. ‘डिस्क वाकली’ असे निदान सर्रास होते. प्रत्यक्षात बहुतेकदा तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते.

● थरथर कुठे? स्टीअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढच्या डिस्क, सीटमध्ये जाणवली तर मागच्या.

● जाडी : मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी मोजा. ०.०२ मिमीचा फरकही पेडलला जाणवू शकतो.

● डगमग : डिस्क हबवर बसवून डायल गेजने तपासा. अनेक गाड्यांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. जास्त भरली, तर हबवरचा गंज घासून काढा आणि चाकाचे नट टॉर्क रेंचनेच आवळा.

● कॅलिपर : पिन किंवा पिस्टन अडकला, तर पेडल सोडल्यावरही पॅड घासत राहतो.

● निळसर डाग : अतिउष्णतेची खूण. सुमारे ६५० अंश सेल्सिअसपुढे बिडात सिमेंटाइटचे कठीण ठिपके तयार होतात. वरवर लेथ मारून ते जात नाहीत.

● सवय : ट्रॅकवरून तापून आलेल्या गाडीत पेडल दाबून उभे राहू नका. पॅडचा थर एकाच जागी डिस्कला चिकटतो.

कडेपर्यंत चीर गेलेली किंवा डिस्कवर छापलेल्या किमान जाडीखाली उतरलेली डिस्क लगेच बदला. एरवी आधी कारण शोधा, मगच नवी डिस्क घ्या.