माणसाचे ताट कोण ठरविते?

लग्नकार्यातील पंगतीत एक मौज हमखास पाहावयास मिळते. सर्वांच्या पानांत तेच पदार्थ, त्याच क्रमाने वाढलेले असतात; तरी कोणाचा हात प्रथम भाताकडे वळतो, कोणाचा पोळीकडे. एकजण कारल्याची भाजी आग्रहाने मागून घेतो, तर शेजारचा ती न चाखताच पानाच्या कडेला सारतो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, ‘ज्याची त्याची आवड.’ हे उत्तर इतके सोयीचे आहे की, त्यापुढे विचार करण्याची कोणास गरज भासत नाही. परंतु आवड ही काही आकाशातून पडत नाही. ती कोठून येते, आणि मोठेपणी ती बदलावयाची झाल्यास इतके जड का जाते, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नव्हे. ज्या घरात मधुमेहाने किंवा रक्तदाबाने पाऊल टाकले आहे, त्या घरास त्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

या प्रश्नाचा उलगडा करून घेण्यास भिवंडीइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल. ठाणे जिल्ह्यातील, कामवारी नदीच्या काठचे हे जुने गाव एके काळी भात, सुकी मासळी, लाकूड, गवत आणि कापड यांच्या व्यापारासाठी ओळखले जाई. १९०१ च्या शिरगणतीत येथील वस्ती जेमतेम दहा हजार होती. २०११ मध्ये ती सात लाखांच्या वर गेली. ही वाढ मुख्यत्वे मागाने घडविली. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर एकोणिसाव्या शतकातच येथे स्थायिक झाले. पुढे यंत्रमाग आले, त्यांच्यामागून तेलंगणातील पद्मशाली विणकर आले, आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची घरघर सुरू झाली तसतसे यंत्रमागाचे महत्त्व आणखी वाढत गेले. त्यामुळे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, अनेक मुलुखांच्या चुली पेटू लागल्या.

या चुलींकडे लक्षपूर्वक पाहिले असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, ताट ठरविण्यात जमिनीचा वाटा फार मोठा असतो. भिवंडीच्या आसपासचा आगरी शेतकरी आणि गावातील जुना कोकणी मुसलमान यांचा धर्म निराळा, सणवार निराळे. परंतु दोघांच्याही घरी तांदळाची भाकरी आणि मासळी यांना मान आहे, कारण दोघेही भाताच्या आणि खाडीच्या मुलुखात वाढले. उलट, मोमीन घराण्यांच्या कित्येक पिढ्या याच भातशेतीच्या शेजारी गेल्या, तरी गव्हाच्या रोटीवरील त्यांची माया सुटली नाही; आणि तेलंगणातून आलेल्या घरातील वरणात चिंचेचा आंबटपणा आजही असतो. म्हणजे माणूस गाव सोडतो, परंतु गावची चव त्याला सहसा सोडीत नाही.

असे का व्हावे? फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत ज्यूली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, तर काहींना मूल अंगावर पीत असताना गाजराचा रस देण्यात आला. उरलेल्यांना नुसते पाणी. पुढे मुले वरचे अन्न खाऊ लागली तेव्हा, आईच्या द्वारे गाजराची ओळख झालेल्या मुलांनी गाजराच्या चवीची पेज इतरांपेक्षा कमी तोंड वाकडे करून खाल्ली. आवडीनिवडीचा पहिला धडा पाटावर बसण्याच्या कितीतरी आधी गिरविला जातो, हे यावरून उघड होते.

तथापि हा पहिला धडा कायमचा असतो असेही नव्हे. याचा पुरावा प्रत्येक मराठी घरात एकादशीच्या दिवशी ताटात वाढलेला असतो. बटाटा, भुईमुगाचे दाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून हल्लीचा साबूदाणा करितात तो कसावा, ही सारी मूळची अमेरिका खंडातील पिके. काही शतकांपूर्वी आपल्या पूर्वजांना ती ठाऊकही नव्हती. आज त्यांवाचून उपास सोवळा वाटत नाही. सवय बदलते, फक्त ती उपदेशाने बदलत नाही. बाजारात वस्तू यावी लागते, ती परवडावी लागते, आणि घरातील कोणाला तरी ती रांधता यावी लागते.

बाजाराचा आणि सरकारी धोरणाचा हात केवढा लांब असतो, हे महाराष्ट्राने अनेकदा अनुभवले आहे. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि माणसाने काय खावे याचा निर्णय शिधापत्रिकेवर होऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांनी लाखो कुटुंबे जगविली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. भुकेल्या घरास या व्यवस्थेने मोठाच आधार दिला, यात शंका नाही. परंतु शिधावाटपाच्या दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळत राहिल्याने ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांची जागा हळूहळू आकसत गेली, हेही तितकेच खरे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळण्यात आले, ते या विसरलेल्या धान्यांची आठवण देण्यासाठीच.

धान्याची आठवण देणे मात्र सोपे. भाकरी थापणे सोपे नव्हे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांपासून एक चिवट जाळे तयार होते. म्हणून पोळी लाटताना ताणली तरी फाटत नाही. ज्वारी, नाचणी आणि तांदूळ यांच्या पिठात ते जाळे होत नाही. म्हणूनच तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते, ज्वारीस ऊन पाणी लागते. उष्णतेने पिठातील पिष्ट चिकट होते, आणि मग हाताच्या तळव्याने, मऊपणा राखीत, भाकरी गोल फिरवीत थापावी लागते. हे ज्ञान वाचून येत नाही. परातीत हात घालूनच येते. ज्या घरात आजीबरोबर ही कला गेली, त्या घरात ज्वारीची आवडही गेली. ‘आवडत नाही म्हणून करीत नाही’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की, करता येत नाही म्हणून ते आवडेनासे झालेले असते.

कौशल्यापुढे आणखी एक धनी उभा आहे, आणि तो म्हणजे घड्याळ. भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी बारा तासांची असते आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. परगावचे कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस उठावा तेव्हा रातपाळीच्या माणसाने पाठ टेकावी, अशी व्यवस्था. अशा खोलीत चूल मांडण्यास जागा नाही, आणि मांडली तरी रांधण्यास वेळ नाही. म्हणून येथे ‘भिस्सी’ नावाची खानावळ जन्मास आली. ठराविक मुदतीने हिशेब चुकता करावयाचा आणि दोन वेळ जे शिजेल ते, म्हणजे डाळ, भात, रोटी, एखादी भाजी, खावयाचे. येथे जेवणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. भिस्सीवाल्यास आपल्या मुलुखाची फोडणी ठाऊक असली म्हणजे कामगार आपले नशीब समजतो.

या व्यवस्थेचा नाजूकपणा मार्च १९२० साली नव्हे, अगदी अलीकडे, मार्च २०२० मध्ये दिसून आला. टाळेबंदीने माग थांबले आणि भिस्सीच्या चुलीही विझल्या. कोरडा शिधा हाती पडला तरी तो शिजवावयाचा कोठे आणि कशात, हा पेच माणसांपुढे उभा राहिला. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे कामगारांची खास गाडी सुटली. अनेकांनी त्याआधीच नाशिकच्या रस्त्याने पायी वाट धरली होती. मजुरी गेली हे तर खरेच. परंतु रोजगाराबरोबर ताटही एका दिवसात जावे, कारण ते संपूर्णपणे दुसऱ्याच्या हाती होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

शहरातील सुशिक्षित गृहस्थास वाटेल की, हा प्रश्न मजुरांचा आहे. परंतु बारकाईने पाहिले तर त्याच्या घरातही एक भिस्सीच चाललेली असते. फरक इतकाच की, ती चालविणारी त्याची आई किंवा पत्नी असते आणि तेथे हिशेब होत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर घरकामास हात लावणारे पुरुष केवळ ८८ मिनिटे, असे आढळून आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. दीडशे वर्षे मराठीत पाकशास्त्राची पुस्तके आहेत. ती उघडणारे हात मात्र बहुतेक घरांत एकाच बाजूचे राहिले. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. त्यांच्या श्रमास पत आणि मान मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. परंतु घरातील अन्नपूर्णेच्या श्रमाची मोजदाद अद्याप कोण करितो?

याचा परिणाम आजारपणात प्रकट होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. डॉक्टर पुरुष रोग्याच्या हाती पथ्याचा कागद देतात: भात कमी, भाज्या व कडधान्ये अधिक, साखर वर्ज्य. कागद घेणारा एक आणि चूल सांभाळणारी दुसरी. त्याला मोड कसे आणावेत ठाऊक नाही, वाटाणा किती वेळ भिजवावा ठाऊक नाही. आणि तिला सर्वांचे एक आणि त्याचे एक असा दुहेरी स्वयंपाक करावा लागतो. पंधरा दिवसांत कागद देवघराच्या फडताळात जातो आणि ताट पूर्ववत होते. मग दोष त्याच्या जिभेला देतात. दोष जिभेचा थोडा आणि हातांचा अधिक असतो.

या बाबतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक प्रयोग बोधप्रद आहे. अमेरिकेत मांसाचा तुटवडा पडला, तेव्हा हृदय, मूत्रपिंड असे मांसाचे उपेक्षित भाग लोकांनी खावेत अशी सरकारची इच्छा होती. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी काही गृहिणींना त्याविषयी उत्तम व्याख्याने ऐकविली. दुसऱ्या गटांना एकत्र बसवून अडचणींची चर्चा करू दिली आणि शेवटी, आपण हे करून पाहू, असा निर्णय त्यांनाच घ्यावयास लावले. पुढे चौकशी केली असता, व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा ३ स्त्रियांनी, तर मिळून निर्णय घेणाऱ्यांपैकी शेकडा ३२ स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केला होता. अन्न ज्या वाटांनी घरात येते त्या वाटांवर एक द्वारपाल असतो, असे लेविन यांचे म्हणणे होते. एकट्या द्वारपालास बोल लावण्यापेक्षा दारापाशी सर्वांनी जमावे, हा त्या प्रयोगाचा इत्यर्थ.

मराठी घरास यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. आठवड्यातील एक जेवण घरातील पुरुषांनी आणि मुलांनी, बाजाराच्या पिशवीपासून भांडी विसळण्यापर्यंत, स्वतः करावे. घरात पथ्य आले तर ते एकाचे न ठेवता, सर्वांना चालेल असा एक पदार्थ मिळून निवडावा. नवी भाजी किंवा धान्य एकदा नाकारले म्हणून सोडू नये. थोडे थोडे करून आठ-दहा वेळा पानात येऊ द्यावे, म्हणजे जीभ ओळख पटवून घेते. आणि भाकरी थापणारी आजी घरात असेल, तर तिच्या शेजारी परात घेऊन नातवासही बसवावे, केवळ नातीस नव्हे.

हे भाषणही अखेर व्याख्यानच. लेविन यांचा आकडा प्रमाण मानला, तर ते ऐकणाऱ्या शंभरांपैकी तीन घरीच त्याचा उपयोग व्हावयाचा. तो आकडा वाढावा अशी इच्छा असेल, तर श्रोत्यांनी आज रात्री जेवणास बसल्यावर इतकेच करावे: येत्या रविवारी काय शिजवावयाचे आणि ते कोणी शिजवावयाचे, हे सर्वांनी मिळून, पानावरून उठण्यापूर्वी, ठरवून टाकावे.