फरशीचे सांधे आणि ओल

पावसाळा लागला की जुन्या घरातील दारे फुगतात आणि लावताना जोर करावा लागतो, हा अनुभव महाराष्ट्रात कोणास नवा नाही. लाकूड ओल शोषून फुगते, आणि ओल गेली की आकसते. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील नव्या सदनिकांतून आज ‘वुडन फ्लोअरिंग’ या नावाने जी फरशी घातली जाते, तिच्या दुखण्याचे मूळ याच साध्या नियमात आहे. भेद एवढाच की, दार कालांतराने पूर्ववत होते. ही फरशी पाण्याने एकदा फुगली की पूर्ववत होत नाही.

वस्तुतः हे अखंड लाकूड नव्हे. लॅमिनेट फरशीचा शोध १९७७ साली स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीत लागला. लाकडाचे बारीक तंतू कृत्रिम राळेत मिसळून मोठ्या दाबाखाली घडविलेली फळी हा तिचा गाभा होय. तिच्यावर लाकडाच्या रेषांचे चित्र छापलेला कागद असतो आणि त्यावर मेलामाइनचा कठीण, पारदर्शक थर असतो. या थरातून पाणी सहसा शिरत नाही. दुबळ्या राहतात त्या कडा. एका कडेची जीभ दुसऱ्या कडेच्या खाचेत अडकवून फळ्या जोडतात, आणि हा सांधाच पाण्याचे प्रवेशद्वार ठरतो. दाबून बसविलेले तंतू एकदा सुटले, की वाळल्यावरही मूळ जागी येत नाहीत. मग सांध्याच्या दोन्ही कडा उंचावतात आणि ये-जा होऊन त्यांवरचा कागद झिजतो.

दिल्लीचे हवामान अशा सांध्यांची विशेष परीक्षा पाहते. मे महिन्यातील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्या खाली जाते. त्या वेळी फळ्या आकसून सांधे किंचित उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाळ्याच्या वा गवताच्या जाळ्यांचे कूलर खोलीत पाण्याचे थेंब उडवीत असतात. जूनच्या अखेरीस पावसाळा येतो. ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. आता फळ्या पसरू लागतात. भिंतीपाशी पसरण्यास जागा नसेल, तर त्या एकमेकींना रेटून सांध्यावर उचलल्या जातात.

म्हणून संरक्षणाचा आरंभ फरशी घालण्यापूर्वीच झाला पाहिजे. नव्या कोब्यातील ओल निघून जाण्यास काही महिने लागतात; घराचा ताबा मिळण्याच्या घाईत हेच विसरले जाते. परीक्षा सोपी आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमले किंवा कोबा काळवंडला, तर थांबणे श्रेयस्कर. तळमजल्यावर ही दक्षता दुप्पट हवी. फळ्यांची खोकी त्याच खोलीत ४८ तास ठेवावीत. कोब्यावर पॉलिथीनचे आच्छादन, पट्ट्या एकमेकींवर २० सेंटिमीटर चढवून, पसरावे. आणि भिंतीलगत सर्वत्र ८ ते १० मिलिमीटर फट सोडून ती लाकडी पट्टीखाली झाकावी.

न्हाणीघरात ही फरशी घालूच नये. त्याच्या दाराशी आपल्या जुन्या घरांतल्यासारखा दगडी उंबरा असावा. पाणी अडविण्याचे काम त्याच्याइतके स्वस्तात दुसरे कोणी करीत नाही. स्वयंपाकघर व बाल्कनी यांच्या कडेची फट सिलिकोनने भरावी. कारखान्याची संमती असल्यास सांध्यात जलरोधक डिंक घालता येतो. परंतु मग ती फळी पुढे सोडविता येत नाही. कडांना दिलेला मेणाचा लेप पाण्याला विलंब लावतो, कायमचा मज्जाव करीत नाही.

यापुढचा प्रश्न सवयीचा आहे. शहाबादी किंवा कोटा दगडाच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून ती स्वच्छ करणे, हीच आपली नीटनेटकेपणाची कल्पना. दिल्लीच्या घरोघरी रोज फिरणारा ओला पोछा त्याच कल्पनेचा वारस आहे. लॅमिनेटला तो मारक ठरतो. आधी केर काढावा, नंतर घट्ट पिळलेले फडके फिरवावे. वाफेचे यंत्र वापरू नये. सांडलेले पाणी तत्काळ टिपावे. कूलर व कुंड्या यांच्याखाली तबक ठेवावे. घरकाम करणाऱ्या बाईंस या सूचनेचे कारणही सांगावे. कारण कळले की सूचना पाळली जाते.

एवढे करूनही सांधा फुगलाच, तर घासून सपाट करण्याच्या भरीस पडू नये. चित्राचा कागदच निघून जाईल. प्रथम ओल कोठून आली ते शोधावे, ती थांबवावी, आणि मगच जवळच्या भिंतीकडून फळ्या सोडवीत जाऊन बिघडलेली तेवढी बदलावी. यासाठी खरेदीच्या वेळीच चार-सहा फळ्या अधिक घेऊन कोरड्या जागी ठेवणे शहाणपणाचे. कारण घरासाठी साठविलेल्या पैशाने घातलेली फरशी पुराने जाते ती क्वचितच. बहुधा ती जाते रोजच्या अर्ध्या बादली पाण्याने.