कुरणापासून शिवारापर्यंत

मुलांना निसर्ग शिकवण्याचे मराठी मुलखात जे प्रयत्न झाले, त्यांत कोसबाडची कुरणशाळा वेगळी उठून दिसते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या. 1957 मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारली पाडे. पाड्यावरचे पोर सकाळी गुरे घेऊन जाई ते दिवेलागणीला परते. मुलगी असेल तर कडेवर धाकटे भावंड. पटावर नाव घालून उपयोग नव्हता.

तेव्हा शाळाच गुरांमागे निघाली. गुरे चरत आणि झाडाखाली वर्ग भरे. मोजायला खडे, बिया, पाने. अशा वर्गाला घंटा नसते. गाय कुणाच्या शेताकडे वळली की विद्यार्थी धडा टाकून धावणार, हे शिक्षकाने धरूनच चालायचे. शिवाय कोणता पाला गुरांना चालतो, कोणते फळ कधी पिकते, हे पोरांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक. सांगण्यापेक्षा विचारण्याचे काम अधिक, आणि शिकवण्याची गोडी लागते ती बहुधा इथेच. वस्तीच्या अंगणात मुले जमवण्याचा कोसबाडचा दुसरा प्रयोग 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाड्यांमुळे देशाला माहीत झाला. कुरणशाळेच्या वाट्याला तेवढे भाग्य आले नाही. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, अनुताई 1992 मध्ये.

दरम्यान निसर्गशिक्षणाचा विषय न्यायालयात पोहोचला होता. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा शिक्षणातला सक्तीचा विषय करण्यास सांगितले. 2003 मध्ये शालेय अभ्यासक्रम आखण्याचे काम एनसीईआरटीकडे दिले. विषय शाळाशाळांत गेला खरा, पण पुष्कळ ठिकाणी गुणांपुरता.

कोसबाडसारखा उघड्यावरचा वर्ग भरवायला जागा मात्र आजही आहेत. बेळगावच्या दक्षिणेला अनगोळमध्ये शहर आणि शिवार अजून एकमेकांना लागून आहेत. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बाजूला भाताची शेते, त्यांत बेळगावी बासमतीही. पेरणीपासून मळणीपर्यंतचा सगळा धडा बांधावर उभे राहून बघता येतो. जवळच टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आहे. देवीची लस तयार करण्यासाठी राखलेले हे आवार. आज तिथली जुनी झाडी आणि पाखरे हीच त्याची ओळख झाली आहे. पाखरांची हजेरी घ्यायला शाळेच्या वर्गाला एक सकाळ पुरते.

पुढची पायरी खानापूरच्या जंगलात. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. कित्येक दशके जगाला या जातीचे हे एकच ठिकाण माहीत होते. कर्नाटक वन खात्याची ‘चिण्णर वनदर्शन’ योजना शाळकरी मुलांना जंगलात नेते. जाऊन आल्यावर वर्गात काय होते, हे मात्र पुन्हा त्या त्या शिक्षकावरच असते.