‘वोडान’: लाकडी रोलर-कोस्टरचे गतिविज्ञान

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, फ्रान्सच्या सरहद्दीनजीक, रुस्ट या गावी ‘ऑयरोपा-पार्क’ हे १९७५ साली स्थापन झालेले क्रीडोद्यान आहे. त्यातील आइसलंडच्या धर्तीवर सजविलेल्या विभागात २०१२ साली ‘वोडान’ हा लाकडी रोलर-कोस्टर सुरू झाला. वोडान हा प्राचीन जर्मन जमातींचा प्रमुख देव. उत्तरेकडील लोक त्यालाच ओडिन म्हणत. त्याच्या नावाचे मूळ उन्मादवाचक धातूत शोधले जाते, आणि अकराव्या शतकातील इतिहासकार ब्रेमेनचा आडाम यानेही त्याचा अर्थ तसाच लाविला आहे. नावावरून प्रवाशाला अनिर्बंध वेगाची अपेक्षा वाटावी. परंतु त्याला जाणवते ते वेगापेक्षा त्वरणातील परिवर्तन होय, आणि हे परिवर्तन काटेकोर गणिताने बांधलेले असते.

साखळीच्या साहाय्याने गाडी सुमारे ४० मीटर उंचीवर नेली जाते. तेथून पुढे तिला इंजिनाचे साहाय्य नाही. उंचीमुळे लाभलेली स्थितिज ऊर्जा हेच तिचे भांडवल. घर्षण व हवेचा रोध दुर्लक्षिल्यास विरामावस्थेतून ४० मीटर खाली आलेल्या वस्तूचा वेग सेकंदास २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०१ किलोमीटर, येतो. ‘वोडान’चा महत्तम वेगही ताशी १०० किलोमीटरच्या आसपास आहे. सुमारे १,०५० मीटर लांबीच्या मार्गावर ही ऊर्जा घर्षणाने सतत क्षीण होत असल्यामुळे पुढील कोणताही माथा पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही.

सरळ मार्गावरील एकसमान वेगाचे ज्ञान शरीराला होत नाही. मार्ग वळला की ते होते. सेकंदास २० मीटर वेगाने जाणारी गाडी ४१ मीटर त्रिज्येच्या माथ्यावरून गेली, तर आवश्यक असे केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाइतकेच भरते व प्रवासी क्षणभर भारहीन होतो. त्रिज्या याहून लहान असल्यास गाडी रुळावरून उचलली जाऊ पाहते. तिला रोखण्यासाठी रुळाखालून धरणाऱ्या चाकांची योजना असते. जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ साली तिचे पेटंट मिळविले. दरीसारख्या खोलगट भागात याच्या उलट घडते आणि प्रवासी आसनावर दाबला जातो.

लाकडाचे वैशिष्ट्य येथेच प्रत्ययास येते. अशा मार्गात लाकडी फळ्यांचे थर एकमेकांवर जोडून त्यांवर पोलादी पट्टी बसवितात. भार येताच फळ्या व सांधे किंचित लवतात आणि भार उतरताच पूर्ववत होतात. या लवचिकतेमुळे आघाताचा काही अंश शोषला जातो, आणि तिच्यामुळेच सूक्ष्म हादरे व खडखडाट प्रवाशापर्यंत पोहोचतात. डोलणारा सांगाडा पाहून तो दुर्बल असल्याची शंका येणे स्वाभाविक असले, तरी मर्यादित डोलणे हे त्याच्या सामर्थ्याचेच अंग होय.

मात्र लाकूड ओलाव्याने फुगते, कोरडे पडता आकसते, आणि वारंवार येणाऱ्या भारांमुळे त्यातील बोल्ट सैल होतात. उष्ण हवेत चाकांच्या धारव्यांतील वंगण पातळ होऊन गाडी अधिक वेगाने धावते. म्हणजे समीकरण तेच राहिले, तरी त्यातील राशी ऋतुमानाप्रमाणे बदलतात. यास्तव आरेखनाच्या वेळी केलेले गणित कितीही अचूक असले, तरी त्यावर विसंबून चालत नाही. गाडी सुटण्यापूर्वी मार्गाची नित्य तपासणी करावीच लागते. देवाच्या नावाने अभिप्रेत असलेला उन्माद प्रवाशाने निर्धास्तपणे अनुभवावा, यासाठी लाकडाच्या प्रत्येक सांध्यावर असा पहारा ठेवावा लागतो.