बोनस, घोडी आणि दिव्यांची माळ

चिकलठाणा एमआयडीसीत बोनसचा आकडा कळला, की त्याच रात्री मुकुंदवाडीत, सिडकोत आणि जुन्या गावठाणात घरोघरी हिशेब मांडला जातो. कायद्यानं किमान बोनस ठरवला तो हिशेबात धरलेल्या वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे त्यातला एका महिन्याचा वाटा. त्यातून कपडे, किराणा, एखादा हप्ता, आणि उरेल त्यातून घर. घराच्या वाट्याला थोडंच येतं. म्हणून सामान विकत आणायचं आणि हात घरचे लावायचे.

हे हात साधे नाहीत. आयटीआयनं कामगारांच्या कसबांना फार नेमकी मराठी नावं दिली आहेत: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. माझे वडील इथल्या एका कारखान्यात तारतंत्री होते. शेजारी संधाता, समोर जोडारी. दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या गल्लीत बाहेरचा मिस्त्री क्वचितच दिसायचा. गेटची निसटलेली बिजागरी एकानं जोडायची, गळका नळ दुसऱ्यानं बघायचा, आणि वायरिंगचं काम कुणाचंही असो, घोडीवर वडील चढायचे.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं त्याच दशकात ‘नवीन औरंगाबाद’ वसवायला घेतलं. एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या सेक्टरांतून छोटी घरं उभी राहिली. या घरांची खरी गोष्ट ताबा मिळाल्यानंतरची आहे. आधी मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे, मग पत्र्यांच्या जागी स्लॅब, मग जिना, मग मुलाच्या लग्नाआधी वरची खोली. स्लॅबवर पाणी मारायचं काम बायका-मुलांचं. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे सिमेंटसाठी सात-आठ दिवस पाणी राखून ठेवायचं, ही गोष्ट लहान नाही.

आणि खाली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. वरची भिंत तिच्याबरोबर हलते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी खाली फुगीर बूड असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, पण छोट्या घरांना तो परवडत नाही. दिवाळीत आपण चुकतो ते इथे. तेव्हा माती अजून ओली असते आणि भिंतीची चीर मिटत आलेली असते. आपण तिच्यात लांबी भरतो, रंग मारतो, आणि मे महिन्यात ती चीर तिथेच उघडते. भिंतीवरच्या रंगापेक्षा जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा कोबा घातला, छपराचं पाणी पायापासून लांब नेलं, तर तो पैसा अधिक सार्थकी लागतो. चीर भरायचीच, तर थोडी ताणली जाणारी लांबी वापरावी.

आता दिव्यांकडे येतो, कारण हा लेख मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे.

विजेच्या दिव्यांचं पहिलं नाताळचं झाड न्यूयॉर्कमध्ये सजलं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं २२ डिसेंबर १८८२ रोजी घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. आपल्याकडे आकाशकंदिलात पणती जाऊन ‘झिरोचा बल्ब’ आला. तो शून्य वॅटचा कधीच नव्हता, १२-१५ वॅट खायचा; जुन्या मीटरवर तेवढ्याशा विजेची नोंद जेमतेम व्हायची, म्हणून ते नाव. मग मिरची बल्बची माळ आली. साधारण सहा व्होल्टचे ३६ दिवे एकामागोमाग एक जोडले, की २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एक गेला की सगळी माळ अंधारात. वडील टेस्टर घेऊन एकेक दिवा तपासत आणि मी मोजत बसे.

गेलेला दिवा काढून तारा परस्पर जोडायच्या, ही युक्ती घरोघरी चालायची. तीन दिवे असे गाळले, की उरलेल्या ३३ दिव्यांवरचा दाब नऊ टक्क्यांनी वाढतो आणि तारेच्या दिव्याचं आयुष्य जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतं. दरवर्षी माळ आणखी लवकर का मरते, याचं उत्तर एवढंच होतं. चिकलठाण्याच्या मुलांना यातली एक गंमत सांगावीशी वाटते. जगभरच्या विमानतळांवर धावपट्टीचे दिवेही एकाच माळेत ओवलेले असतात. पण तिथे प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. एक दिवा गेला तरी विमानासमोर अंधार होत नाही. आपल्या विमानतळाच्या कुंपणापलीकडे रात्री दिव्यांची ओळ दिसली, की मला अजूनही ती मिरची बल्बची माळ आठवते.

आज माळ एलईडीची आहे. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तो प्रकाश आपल्या गॅलरीत येऊन पोचला आणि वीज कितीतरी कमी लागू लागली. त्याबरोबर एक चुकीची समजूतही आली, की एलईडीचा शॉक बसत नाही. स्वस्त माळांपैकी पुष्कळांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. पिनेतून थेट २३० व्होल्ट केसासारख्या तारांमध्ये जातात. दिवे मंद आहेत म्हणून सांधा निरुपद्रवी होत नाही.

आमच्या घरी हे एका नरकचतुर्दशीच्या पहाटे कळलं. माळेचा एक उघडा सांधा गॅलरीच्या लोखंडी जाळीला टेकला होता. फरशी ओली होती. आई पणती ठेवायला गेली आणि तिचा हात जाळीला लागला. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. वडील दिवसभर बोलले नाहीत. कारखान्यात दुरुस्तीआधी मेन स्विच पाडून, फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात ठेवणारा हा माणूस. स्विचवर ‘काम चालू आहे’ ही पाटी लावल्याशिवाय तो तारेला हात लावत नसे. त्याच माणसानं घरी माळेच्या नागड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचल्या होत्या.

मला सांगायचं आहे ते हेच. या वसाहतीतल्या माणसांना सुरक्षितपणे काम करणं येतं. ती शिस्त कारखान्याच्या गेटवर हजेरीकार्डाबरोबर राहून जाते.

ती घरी आणायची, तर पहिली गोष्ट एमसीबीची. कित्येक घरांत तो असतो आणि लोक त्याच्यावर निर्धास्त असतात. सहा अँपिअरचा एमसीबी तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली आणि परतलेली वीज तो सतत ताडून पाहतो, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात पुरवठा तोडतो. सहा अँपिअर त्याच्या २०० पट. शरीरातून जीव जाण्याइतकी वीज वाहिली तरी एमसीबीला पत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग. आयएस ३०४३ या भारतीय मानकात नळीच्या अर्थिंगसाठी किमान अडीच मीटर लांबी सांगितली आहे. आपल्याकडे वरची काळी माती संपली की खाली मुरूम आणि बेसॉल्ट लागतो, म्हणून पुष्कळदा हातभर खड्डा करून काम आटोपतात. पावसाळ्यात ती अर्थिंग बरी चालते, उन्हाळ्यात माती वाळली की नावापुरती उरते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, आणि परवानाधारक माणसाकडून वर्षातून एकदा ती मोजून घ्या.

तिसरी गोष्ट गल्लीतल्या तारांची. घरं वर चढली, तारा होत्या तिथेच राहिल्या. कमी दाबाच्या उघड्या वाहिनीपासून इमारत आडव्या अंतरानं १.२ मीटर आणि उभ्या अंतरानं २.५ मीटर दूर असावी, असा नियम आहे. नंतर बांधलेल्या वरच्या मजल्याच्या कित्येक गॅलऱ्यांतून हात लांब केला तर तार लागेल अशी स्थिती आहे. तिथे कंदील उंच चढवायला लोखंडी पाइप किंवा ॲल्युमिनियमची शिडी वापरू नका. बुरुडाकडून कोरडा बांबू आणा. कंदिलाच्या कामट्याही त्यातूनच निघतील.

आईला शॉक बसला त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या पगारात वडिलांनी आरसीसीबी आणला. स्वतः बसवला, आणि त्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण कसं दाबायचं ते आईला, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला शिकवलं. दाबलं की खट्कन घर अंधारात जायला हवं. नाही गेलं, तर उपकरण बिघडलं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बटण दाबायचं काम बहिणीचं होतं.

यंदा माळ पेटीतून काढण्याआधी आपल्या मीटरपाशी जा. आरसीसीबी असेल तर ते बटण दाबून पाहा. नसेल, तर रंगाचा एक डबा कमी घ्या आणि बोनसमधून आधी तो बसवून घ्या.